शिंगाची मूठ घरी घडवताय? आधी जनावर कशाने गेले ते विचारा

बैल म्हातारा होऊन गोठ्यातच गेला. बारा-पंधरा वर्षे त्याच्या खांद्यावर शेत चालले, दर पोळ्याला घरच्या बाईने त्याचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून एक शिंग ठेवावे, त्यातून विळ्याची किंवा सुरीची मूठ करावी, असे घरातल्या कुणाला वाटले तर त्यात नवल नाही. काहींना आठवण नको असते, नुसते चांगले शिंग हवे असते, आणि तेही आपल्याकडे मिळते. अमरावती-अकोल्याकडची नागपुरी म्हैस तिच्या शिंगांवरूनच ओळखू येते. जुने लोक तिला एलिचपुरी म्हणतात. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर. मानेच्या दोन्ही बाजूंनी थेट खांद्यापर्यंत मागे गेलेली ती लांब, चपटी, तलवारीसारखी शिंगे पाहिली की हाताने काही घडवणाऱ्या माणसाला मोह होणारच. त्यात आता मोबाइलवर व्हिडिओ आहेत.

सावंतवाडीकडे शिंगकामाची जुनी परंपरा आहे. तिथला कारागीर बसतो कुठे, धूळ जाते कुठे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. घरी पहिल्यांदा शिंग हातात घेणाऱ्याला हे कुणी सांगितलेले नसते. अशी माणसे दवाखान्यात मूठ दाखवायला येत नाहीत. ती येतात खोकला घेऊन, डोळ्यातला कण घेऊन, न भरणारी जखम घेऊन. आणि म्हणतात, "डाक्टरसाहेब, शिंग तं वाळलेलं व्हतं, त्यानं काय व्हते?"

प्रश्न रास्त आहे. या लेखात त्याचेच उत्तर दिले आहे.

शिंग म्हणजे नेमके काय?

गाय, बैल, म्हैस यांच्या शिंगाचे दोन भाग असतात. बाहेरचे टणक कवच केराटिन नावाच्या प्रथिनाचे असते. तुमची नखे आणि केस याच प्रथिनाचे बनलेले आहेत. म्हणून शिंग जास्त तापले की केस जळल्यासारखा वास येतो. या कवचाच्या आत कवटीतूनच वाढलेला हाडाचा गाभा असतो. तो जिवंत असतो, त्यात रक्तवाहिन्या असतात, आणि मोठ्या जनावरात कपाळाच्या हाडातली पोकळी थेट या गाभ्यात शिरलेली असते. पोळ्याआधी शिंगे साळताना हात जास्त चालला तर रक्त येते ते यामुळेच. शिंगाचे टोक तेवढे भरीव असते. मुठीसाठी कारागीर टोकाकडचा भाग पसंत करतात, तो याच कारणाने.

म्हणजे पूर्ण तयार झालेली, घासून-पुसून तेल लावलेली मूठ हातात धरल्याने कुणाला आजार होत नाही. नखाला हात लावल्याने होत नाही तसाच. त्रास होतो तो कच्च्या शिंगाबरोबर घरात आलेल्या गोष्टींमुळे, आणि काम करताना उडणाऱ्या, भाजणाऱ्या, टोचणाऱ्या गोष्टींमुळे. आठवण म्हणून ठेवायच्या शिंगाच्या बाबतीत यातली पहिली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ते जनावर आजारी पडून मेलेले असते, आणि बहुतेक वेळा कशाने मेले हे कुणी पाहिलेले नसते.

जनावर कशाने मेले?

जनावर आदल्या दिवशी धडधाकट होते आणि सकाळी मेलेले सापडले, नाका-तोंडातून किंवा शेणाच्या जागेतून काळसर, न गोठणारे रक्त आले, अंग झपाट्याने फुगले, तर त्याच्या शिंगाला हात लावू नका. अशा मृत्यूत काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची शंका घ्यावी लागते. शिंग कापू नका, कातडे काढू नका, पोट फाडू नका. हवा लागली की हे जंतू टणक बीजाणूंच्या रूपात जातात, आणि ते बीजाणू मातीत, कातड्यावर, केसांत, शिंगावर वर्षानुवर्षे टिकतात. रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये या जंतूचे जीवनचक्र उलगडून दाखवले. त्या काळी युरोपात लोकर, कातडी, हाडे, शिंगे हाताळणाऱ्या कामगारांमध्ये हा आजार ओळखीचा होता. शिंगाला नुसते गरम पाण्यातून काढल्याने किंवा उन्हात वाळवल्याने बीजाणू मरतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा आणि जनावर न उघडता, ते सांगतील तसे खोल पुरा. पुरलेले जनावर दोन वर्षांनी शिंगासाठी उकरायचे, हेही नको.

दुसरी शंका पिसाळण्याची. बैलाला किंवा म्हशीला कुत्रा चावला होता, नंतर ती हंबरत राहिली, लाळ गाळू लागली, गिळेना, अंगावर धावू लागली आणि काही दिवसांत मेली, तर तो रेबीज असू शकतो. अशा जनावराच्या लाळेत आणि मेंदूत विषाणू असतो. शिंग कवटीपासून वेगळे करताना या दोन्हींशी संबंध येतो. तुमच्या हाताला ओरखडा असेल किंवा ते तोंडा-डोळ्यांत उडाले असेल, तर "मला कुठं चावलं?" असे म्हणून थांबू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. रेबीजची लक्षणे सुरू झाल्यावर जवळजवळ कुणीही वाचत नाही. त्याआधी वेळेवर घेतलेली लस वाचवते.

काही भीती मात्र मनातून काढून टाका. २०२२ मध्ये लम्पी आजाराने आपल्या भागातली बरीच जनावरे गेली. लम्पी माणसाला होत नाही. म्हाताऱ्या बैलांना शिंगाचा कर्करोग होतो, शिंग हलू लागते, वाकते, त्यातून दुर्गंधीयुक्त पू येतो. तोही माणसाला लागत नाही. पण असे सडके शिंग मुठीच्या कामाचे नसते, आणि बैल जिवंत असेल तर पशुवैद्यकांकडून शस्त्रक्रिया करून घेता येते. ते मोडून पडेपर्यंत वाट पाहू नका.

ताज्या कत्तलीनंतरचे म्हशीचे शिंग आणले असेल तर त्याला रक्त, मांस, केस चिकटलेले असतात. ते सोलताना रबरी हातमोजे घाला. जनावरात ब्रुसेलोसिस असेल तर अशा ओल्या ऊतींतून तो माणसाला होऊ शकतो, जरी तो मुख्यतः कच्च्या दुधातून आणि व्यालेल्या किंवा गाभडलेल्या जनावराच्या स्रावातून पसरतो. येणारा-जाणारा ताप, रात्री घाम, कंबर आणि सांधे दुखणे ही त्याची लक्षणे. गरोदर बाईने हे काम करू नये, आणि अशा शिंगाजवळही जाऊ नये.

गाभा काढताना

कवच गाभ्यापासून सुटे करण्याचे दोन मार्ग आहेत: पाण्यात भिजत ठेवून कुजवणे किंवा उकळणे. कुजवायला दोन-चार आठवडे लागतात, वास असह्य असतो, माश्या घोंगावतात, आणि उघडे पाणी आठ-दहा दिवस राहिले की त्यात डासांच्या अळ्या होतात. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, घराघरांत पाणी साठवलेले असते. त्या टाक्या-पिंपांच्या शेजारी शिंगाची बादली ठेवलेली मी पाहिली आहे. घरी करायचेच असेल तर उकळणे बरे. मात्र चूल अंगणात, भांडे जुने आणि पुन्हा स्वयंपाकात न येणारे, आणि त्यावर झाकण. दोन-तीन तास उकळल्यावर कवच सैल होऊन निघते. आतला गाभा पुरून टाका, कुत्र्यांना घालू नका.

वास जावा म्हणून काही जण ब्लीचिंग पावडर टाकतात आणि वरून संडास साफ करायचे अ‍ॅसिड ओततात. हे कधीही करू नका. दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. साबणाचे पाणी आणि ब्रश पुरेसा आहे.

उकळलेले शिंग गरम असताना लवचीक होते, तेव्हाच ते दोन फळ्यांत दाबून सरळ किंवा चपटे करतात आणि थंड होईपर्यंत तसेच ठेवतात. मग सावलीत आठवडाभर तरी वाळवतात. घाईने उन्हात टाकले तर तडकते. काही व्हिडिओंत शिंग कढत तेलात बुडवून मऊ करताना दाखवतात. माझे मत विचाराल तर घरी हे करू नका. शिंगाच्या पोकळीत थोडे जरी पाणी राहिले असेल तरी त्याची क्षणात वाफ होते आणि तेल चेहऱ्यावर उडते.

धूळ: त्रास बनवणाऱ्याला कमी, घरच्यांना जास्त

अकोल्याच्या एका आजीबाई तीन आठवड्यांचा खोकला आणि धाप घेऊन आल्या होत्या. दमा जुना, पण दोन वर्षे आटोक्यात होता. औषधे चालू, पंपही नीट घेत होत्या. थुंकीची तपासणी केली, क्षयरोग नव्हता. मग विचारले, घरात नवीन काय सुरू झाले? मुलगा म्हणाला, काही नाही, फक्त मी संध्याकाळी जरा शिंग घासतो. कुठे? पुढच्या खोलीत, कूलरसमोर, कारण मे महिना. आजींची खाट त्याच खोलीच्या दारात. कूलर खोलीभर वारा फिरवत होता आणि वाऱ्यासोबत शिंगाची पिठासारखी धूळ. मुलाला साधी शिंकही नव्हती.

कानशीने किंवा पॉलिश पेपरने शिंग घासले की निघणारा जाड भुसा खाली पडतो, तो दिसतो, झाडता येतो. दिसत नाही तो बारीक भाग. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण श्वासनलिकांत शिरतात आणि अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. मशीनच्या चाकावर घासले तर असे बारीक कण कानशीपेक्षा कितीतरी जास्त निघतात. ही धूळ प्राणिज प्रथिनाची असल्याने काहींना तिची ॲलर्जी होते: नाक वाहणे, डोळे चुरचुरणे, छातीत घरघर. ओळखायची खूण सोपी आहे. कामाच्या दिवशी त्रास, चार दिवस काम बंद ठेवले की आराम, पुन्हा सुरू केले की पुन्हा त्रास.

एक प्रकार मात्र फसवा असतो. प्राण्यांपासून येणाऱ्या धुळीमुळे काहींच्या फुप्फुसाच्या आतल्या भागालाच सूज येते. यात त्रास लगेच होत नाही, काम संपल्यावर चार ते आठ तासांनी होतो. रात्री थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, अंगदुखी, चालताना धाप. सकाळपर्यंत बरे. लोक मलेरिया समजून तपासण्या करत राहतात, त्या ठीक येतात, आणि मूळ कारण घरातच राहते. असे दोन-तीनदा झाले तर डॉक्टरांना शिंगाच्या कामाबद्दल स्वतःहून सांगा. धूळ चालूच राहिली तर या आजारात फुप्फुसावर कायमचे व्रण पडू शकतात.

सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक उपाय म्हणजे पाणी. पाण्यात भिजणारा काळा पॉलिश पेपर मिळतो. तो आणि शिंग दोन्ही पाण्यात बुडवत हाताने घासा. धूळ उडतच नाही, तिचा चिखल होतो, तो वाळण्याआधी कागदाने पुसून टाकून द्या. विजेचे ग्राइंडर असेल तर त्यावर पाणी मारू नका, शॉक बसेल. ते वापरायचेच असेल तर घराबाहेर, वारा पाठीमागून येईल असे बसून, एन-९५ मास्क लावून. तोंडाला बांधलेला दुपट्टा उन्हासाठी चांगला आहे, पण या धुळीला तो अडवत नाही. दाट दाढीवर मास्कही नीट बसत नाही. काम झाल्यावर जागा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. कपडे बाहेरच झटकून वेगळे धुवा, आणि त्या कपड्यांनी लेकराला उचलू नका.

दमा, सीओपीडी, पूर्वी झालेला क्षयरोग, हृदयाचा आजार असलेल्यांनी घासायचे काम दुसऱ्याला द्यावे. आणि असा माणूस घरात असेल तर काम घरात करूच नये. अंगण नसेल तर लोहाराच्या किंवा सुताराच्या शेडमध्ये जाऊन करा. पण मे महिन्यात दुपारी बाहेर बसू नका. अकोल्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यात चुलीजवळ बसणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे. सकाळी नऊच्या आत उरका.

भाजणे, डोळा, जखम

गरम पाण्याने किंवा वाफेने भाजले तर भाजलेला भाग लगेच गार वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. आपल्याकडे उन्हाळ्यात छतावरच्या टाकीचे पाणीच कढत असते, तेव्हा माठातले, रांजणातले पाणी ओतत राहा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही लावू नका. अंगठ्या-बांगड्या सूज यायच्या आधी काढा.

डोळ्यात कण गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. धुऊनही खुपत राहिले तर नेत्रतज्ज्ञांकडे जा. गावात जिभेने किंवा काडीने कचरा काढून देणारे असतात. त्यांच्याकडे गेल्याने बुबुळावर जंतुसंसर्ग होऊन नजर गेलेली माणसे प्रत्येक नेत्रतज्ज्ञाने पाहिली आहेत. बाजूने बंद असलेला साधा गॉगल हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. नजरेचा चष्मा त्याचे काम करत नाही.

करवत किंवा चाकू लागून जखम झाली तर साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. शेण, माती, गोठा यांच्या संपर्कात आलेल्या शिंगावर धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. शेवटचे इंजेक्शन पाच वर्षांपूर्वी किंवा त्याहून आधी घेतले असेल तर अशा मळलेल्या जखमेनंतर पुन्हा घ्यावे लागते. लहानपणी पूर्ण डोस झालेच नसतील तर लशीसोबत तयार प्रतिपिंडांचे वेगळे इंजेक्शनही लागू शकते. चाळिशी-पन्नाशीच्या बहुतेक पुरुषांना शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवत नाही. बायकांना बाळंतपणामुळे आठवते. आठवत नसेल तर घेतले नाही असे धरूनच चला. मधुमेह असेल तर लहान जखमही दाखवा.

मुठीला शेवटी जवसाचे तेल लावतात, त्याने चमक येते. पण तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि असे फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. मूठ चिकटवायला एपॉक्सी वापरत असाल तर हातमोजे घाला. बोटांवर खाजरा इसब उठला तर कारण बहुधा तेच असते.

आणि सांबरशिंग?

मेळघाट जवळ असल्याने हा प्रश्न येतोच. सांबराचे, चितळाचे शिंग वेगळे. ते पूर्ण हाडाचे असते आणि दरवर्षी गळून पडते. जंगलात पडलेले मिळाले तरी ते घरी आणणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. मूठ करणे तर दूरच. काही घरांत जुन्या सांबरशिंगाचा तुकडा असतो, तो सहाणेवर उगाळून छातीला किंवा कानामागे लावतात. न्यूमोनिया झालेल्या बाळाला त्याने काही फायदा होत नाही, मात्र रुग्णालयात न्यायला उशीर होतो. बाळाचा श्वास जलद चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर सहाण बाजूला ठेवून निघा.

कधी दाखवावे?

शिंग, कातडे किंवा मेलेले जनावर हाताळल्यानंतर साधारण आठवडाभरात हात, मान किंवा चेहऱ्यावर खाजरी पुळी आली, तिचा फोड झाला आणि मध्ये कोळशासारखी काळी खपली धरून भोवती सूज आली, तर त्याच दिवशी या. ही पुळी दुखत नाही, म्हणून लोक थांबतात. ती फोडू नका, कापू नका. काळपुळी प्रतिजैविकांनी बरी होते. उपचार न मिळाल्यास पाचपैकी एका रुग्णापर्यंत ती जिवावर बेतू शकते. पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसमध्येही तापासोबत अशीच काळी खपली दिसते, त्यामुळे दोन्हींपैकी काय ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

जबडा आखडणे, तोंड न उघडणे, गिळायला त्रास, मान-पाठ ताठ होणे ही धनुर्वाताची लक्षणे जखमेनंतर तीन दिवस ते तीन आठवड्यांत दिसतात. तोवर जखम भरून विसरलीही गेलेली असते. अशा वेळी वाट न पाहता १०८ वर फोन करा, किंवा अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार असे मोठे रुग्णालय गाठा. बोलताना धाप लागणे, ओठ निळे पडणे, डोळ्याला अंधुक दिसणे, चेहरा किंवा हाताचा पंजा भाजणे यांनाही हेच लागू. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर कारण धूळच आहे असे घरी ठरवू नका. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

येताना शिंग किंवा मूठ सोबत आणायची गरज नाही. जनावर कोणते होते, कुठून आले, कसे मेले आणि शिंग कोणत्या तारखेला कापले, एवढे आठवून या.